इथेनॉलसाठी ऊस लावावा का? मांजरेच्या काठावरून हिशोब मांडतोय

मांजराकाठ · ८ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:१०

मंडळी, नमस्कार. लातूर तालुक्यात मांजरा नदीपासून दीड किलोमीटरवर आमचं सहा एकर रान आहे. गेले आठ दिवस डोक्यात एकच विषय घोळतोय, म्हणून हा धागा काढतो.

परवा साखर कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे उसाच्या नोंदी घेणारा पोरगा, बांधावर आला. म्हणाला, "दादा, डिस्टिलरी वाढवलीय. रसापासून थेट इथेनॉल होणार, पुढच्या हंगामाला ऊस कमी पडणार. चार एकराची नोंद करून टाकू का? बेणं २६५ जातीचं, आम्हीच देतो." त्याचं बोलणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. धरण भरलंय, बोअरला पाणी आहे. त्या चार एकरातलं सोयाबीन सप्टेंबरच्या अतिवृष्टीत गेलं. शेंगा काळ्या पडल्या, उभ्या झाडाला मोड आले. शेजारच्या दोन एकरातला ऊस आठ दिवस गुडघाभर पाण्यात होता. खालची पानं पिवळी पडली, पण आज तो डोक्याच्या वर गेलाय. पूर असो, रानडुकरं असोत, बाजारभाव पडो, उसाचं पीक मार खाऊनही उभं राहतं. हे आम्हा शेतकऱ्यांना कुणी शिकवायला नको.

पण २०१६ डोळ्यांसमोरून जात नाही. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी होऊ नये म्हणून लातुरात १४४ कलम लागलं. मी तेव्हा शहरात भाड्याच्या खोलीत शिकत होतो. आई गावाकडून यायची ती पाच लिटरच्या तेलाच्या डब्यात पाणी घेऊन. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर. लोक स्टेशनवर हात जोडून उभे होते. त्याच साली आमच्या शेजारच्या रानात सातशे फुटाच्या बोअरवर ऊस हिरवा होता, तोही मी पाहिलाय.

माझा एकरी हिशोब असा. मागच्या हंगामात ऊस ३८ टन निघाला. तोडणी-वाहतूक कापून हातात टनाला २६५० पडले, म्हणजे १ लाख ७००. बेणं, खत, मशागत, मजुरी मिळून ५२ हजार. चौदा महिन्यांनी उरले ४८-४९ हजार. सोयाबीन चांगलं पिकलं तर ७ क्विंटल, त्यावर हरभरा ८ क्विंटल. दोन्हीचे मिळून ७२ हजार, खर्च ४० हजार, उरतात ३२. यंदा सोयाबीन गेलं, म्हणजे तेही नाहीत.

मला विचारायचंय ते असं. पेट्रोलमध्ये मिसळायच्या या इथेनॉलमुळं खरंच कुणाचं काय वाचतं आणि कुणाचं काय जातं? पाण्याचं कसं? भावाची हमी किती वर्षांची? आणि गाडीला ते चांगलं का वाईट? माझी २०१४ ची मोटारसायकल ५८ चं ॲव्हरेज द्यायची, आता ५४ च्या वर जात नाही.

जुना_कालवा · ८ नोव्हेंबर, रात्री १०:०२

बाळ, पाण्याचं मी सांगतो. तीस वर्षं पाटबंधाऱ्यात पाणी मोजण्यात गेली.

उसाला लागणीपासून तोडीपर्यंत साधारण २००० मिलिमीटर पाणी लागतं. एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. त्यावर दोन मीटर उंचीचं पाणी उभं केलं तर ८१ लाख लिटर होतं. एकरी ४० टन ऊस धरा, म्हणजे टनाला दोन लाख लिटर. टनभर उसाच्या रसापासून इथेनॉल होतं ७० लिटर. भागाकार करा, एका लिटर इथेनॉलमागं २९०० लिटर पाणी येतं. नीती आयोगाच्या इथेनॉल मिश्रणाच्या २०२१ च्या आराखड्यात हाच आकडा २८६० दिलाय. जुळतंय.

त्यात पाऊसही आला, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, वजा करू. आपल्याकडं सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. सगळाच्या सगळा उसाच्या मुळाशी जिरला असं धरलं, जे कधीच होत नाही, तरी १३०० मिलिमीटर धरणातून नाहीतर बोअरमधून काढावं लागतं. लिटरला १९००.

तू रेल्वेचं काढलंस म्हणून सांगतो. पहिल्या गाडीनं ५ लाख लिटर पाणी आणलं. १९०० नं भागलं तर २६३ लिटर इथेनॉल. ३५ लिटरच्या टाकीत ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, भरलं तर त्यात इथेनॉल असतं ७ लिटर. म्हणजे त्या अख्ख्या गाडीच्या पाण्यात ३७ मोटारींच्या टाक्यांपुरतं इथेनॉल झालं असतं. ३४० किलोमीटरवरून आलेलं पाणी होतं ते, लोकांनी कळशीनं वाटून घेतलेलं.

ताराबाईचा_नातू · ८ नोव्हेंबर, रात्री १०:१५

काका, हा हिशोब आमच्या ग्रामसभेत वाचून दाखवतो. परवानगी असावी.

डिस्टिलरी_शिफ्ट · ८ नोव्हेंबर, रात्री ११:३४

मी अकरा वर्षं डिस्टिलरीत केमिस्ट आहे. कारखान्याचं नाव घेत नाही, नोकरी आहे. काकांचा हिशोब चोख, पण तो रसाचा आहे. मळीचा हिशोब निराळा, आणि सगळ्या चर्चेत ही गल्लत होते.

टनभर ऊस गाळला आणि जेवढी निघेल तेवढी साखर काढून घेतली, की शेवटी जी मळी उरते ती सी मळी. तिच्यापासून १० ते ११ लिटर इथेनॉल होतं, आणि शंभर-सव्वाशे किलो साखर आधीच पोत्यांत भरून झालेली असते. साखर थोडी कमी काढून मळी जरा गोड ठेवली तर ती बी मळी, तिचं २० लिटरच्या आसपास. साखर काढलीच नाही, थेट रस आंबवला, तर ७० लिटर. सी मळीसाठी कुणी ऊस लावत नाही. ऊस साखरेसाठीच असतो, मळी मागं राहते. त्या इथेनॉलवर २९०० लिटर पाणी टाकणं म्हणजे ताकाच्या माथी सगळ्या दुधाची किंमत मारणं. रसाच्या इथेनॉलला मात्र काकांचा आकडा पुरा लागू होतो, तिथं मी वाद घालणार नाही.

आता पैशाचं. साखर करून कारखाना गोदामात ठेवतो, सरकारकडून महिन्याचा कोटा येईल तेवढीच विकतो, बाकीच्या पोत्यांवर बँकेचं व्याज चढतं. कायद्यानं उसाचं बिल १४ दिवसांत द्यायचं, पैसा मात्र साखरेत वर्षभर अडकलेला. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्या २१ दिवसांच्या आसपास देतात. मी कामाला लागलो तेव्हा शेतकऱ्यांची बिलं सहा-सहा महिने थकलेली मी पाहिली आहेत. आमच्याकडं तरी इथेनॉल आल्यापासून ती परिस्थिती सुधारली. हे मान्य करायलाच हवं.

पण मांजराकाठ, तुमच्या चिटबॉयनं जे सांगितलं नाही ते मी सांगतो.

रसाच्या इथेनॉलचा दर २०२२-२३ ला ६५ रुपये ६१ पैसे ठरला, बी मळीचा ६० रुपये ७३ पैसे. आज तीन वर्षांनी तेवढेच आहेत. तेवढ्याच काळात उसाची एफआरपी, म्हणजे कायद्यानं द्यायचा किमान भाव, क्विंटलला ३०५ वरून ३५५ झाली. मधल्या मध्ये कारखान्याचं गणित आवळत चाललंय.

दुसरं, ७ डिसेंबर २०२३. त्या साली पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल म्हणून केंद्रानं रसापासूनचं इथेनॉल एका आदेशानं थांबवलं. आठवडाभरात थोडी ढील दिली, पण बंधन उठायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला. आमच्याकडं कर्ज काढून बसवलेल्या टाक्या रिकाम्या होत्या. मी शिफ्टला जाऊन नुसता गेज तपासून परत यायचो.

तिसरं म्हणजे या वर्षीचं वाटप. तेल कंपन्यांना हवं होतं सुमारे १०५० कोटी लिटर, देशभरातून देकार आले पावणेअठराशे कोटी लिटरचे. वाटपात उसाच्या वाट्याला २८ टक्क्यांच्या आसपास आलं, बाकी सगळं मका आणि तांदूळ. डिस्टिलरी वाढवली म्हणजे इथेनॉल खपणारच, असं आता राहिलेलं नाही.

मांजराकाठ · ९ नोव्हेंबर, सकाळी ६:४८

शिफ्टभाऊ, रात्री दोनदा वाचलं. म्हणजे दुष्काळ पडला की सरकार रसाला कुलूप लावणार. माझ्या रानातल्या उसाला कुलूप कसं लावायचं? तो तर पाणी पितच राहणार, आणि नेमकं त्याच वर्षी पाणी नसणार.

डिस्टिलरी_शिफ्ट · ९ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

तेच. ऊस जाईल साखरेला, पण पाण्याची झळ तुम्हालाच.

गॅरेज_परभणी · ९ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

दादा, तुमच्या मोटारसायकलचं सांगतो. बावीस वर्षं हातात पाना आहे.

ॲव्हरेज थोडं कमी होणारच. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश एवढीच ताकद असते. पाचवा हिस्सा इथेनॉल म्हटलं तर शुद्ध पेट्रोलच्या मानानं सहा-सात टक्के ताकद कमी. आधीपासून १० टक्के मिसळलेलं मिळतच होतं, तेव्हा तुम्हाला आता जाणवणारा फरक तीन-चार टक्क्यांचा. ५८ वरून ५६ हे इथेनॉलचं. राहिलेल्या दोनासाठी एअर फिल्टर आणि चेन बघा, साहेब.

खरी भानगड जुन्या गाडीच्या रबराची आहे. गेल्या आठवड्यात एक गाडी आली, २०११ ची. मालक पुण्याला असतो, गाडी चार महिने वाड्यात उभी. कार्बोरेटरचा कप खोलला तर तळाला पाण्याचा थेंब वेगळा बसलेला, कडेला पांढरट-हिरवा थर. फ्लोटची सुई फुगून अडकली होती, तिचं रबराचं टोक बोटानं दाबलं तर ओल्या खोडरबरासारखं लागत होतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. गाडी रोज चालती असेल तर ते जळून जातं, काही बिघडत नाही. उभी राहिली की पाणी खाली बसतं आणि टाकी आतून गंजायला लागते.

एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबर-धातूचे भाग ई-२० ला टिकतील असेच बनवलेले आहेत, त्यांना भिण्याचं कारण नाही. जुनी असेल तर पेट्रोलचा पाइप, ओ-रिंग आणि सुई एकदा बदलून घ्या, पाच-सातशेत होतं. आणि पावसाळ्यात गाडी महिनाभर लावून ठेवणार असाल तर टाकी काठोकाठ भरा नाहीतर पूर्ण रिकामी करा. अर्धी ठेवू नका.

मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. आमच्या परभणीत पेट्रोल बहुतेकदा राज्यात सगळ्यात महाग, कारण टँकर मनमाडहून येतो. इथेनॉल मात्र शे-दीडशे किलोमीटरच्या आत तयार होतं. मग इथल्या माणसाला दोन रुपये स्वस्त का नाही? गिऱ्हाईक मला विचारतं, मी काय सांगू? आणि पंपावर साधं पेट्रोल हवं म्हटलं तर ते मिळतच नाही. निवड तरी द्यायला हवी होती.

पुण्यात_धाराशिवकर · ९ नोव्हेंबर, दुपारी २:४०

गॅरेजदादा, स्वस्त का नाही त्याचं उत्तर सरकारनं याच वर्षी दिलंय. वाहतूक आणि जीएसटी धरून इथेनॉल सरासरी ७१ रुपये ३२ पैसे लिटरनं पडतं. रिफायनरीतून निघणारं पेट्रोल त्याहून स्वस्त आहे. ताकदीच्या हिशोबानं बघितलं तर फरक आणखी वाढतो. म्हणजे इथेनॉल आपण स्वस्त म्हणून वापरत नाही. त्यातला पैसा देशात राहतो म्हणून वापरतो.

आणि ती गोष्ट लहान नाही. २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत १ लाख ४४ हजार कोटींचं परकीय चलन वाचलं, असा पेट्रोलियम मंत्रालयाचा आकडा आहे. २०१३-१४ ला मिश्रण दीड टक्का होतं, जून २०२२ ला १० टक्के झालं, यंदा २० गाठलं. मूळ मुदत २०३० ची होती. हे पैसे आखाती देशांत गेले असते. धुराच्या बाबतीतही, नीती आयोगाच्या अभ्यासात पेट्रोलच्या तुलनेत उसाच्या इथेनॉलनं ६५ टक्के आणि मक्याच्यानं ५० टक्के हरितवायू कमी होतात असं आलंय. उसाचं जास्त भरतं कारण भट्टीला चिपाड असतं, बाहेरून कोळसा लागत नाही.

ब्राझील हे १९७५ पासून करतंय. तिथं आता ३० टक्के मिश्रण आहे. आपण करायचं नाही का?

जुना_कालवा · ९ नोव्हेंबर, दुपारी ३:५५

ब्राझीलचा ऊस मुख्यतः साओ पावलो भागात, आणि तो बहुतांशी पावसावर येतो. त्यांना कालव्याची पाळी धरावी लागत नाही. ज्या देशाचं उदाहरण घ्यायचं त्याचं आभाळही बघावं लागतं.

महाराष्ट्रात उसाखालचं क्षेत्र लागवडीच्या चार-पाच टक्के आणि सिंचनाचं पाणी दोन तृतीयांशाच्या वर, ही गोष्ट आमच्या खात्यात शिपायालाही पाठ असते. २०१९ ला इथल्या विभागीय आयुक्तांनी मराठवाड्यात उसावर बंदी घाला असा अहवाल सरकारला दिला होता. पुढं काय झालं ते आपल्या सगळ्यांच्या शिवारात दिसतंच.

लोहाऱ्याचा_ठिबकवाला · ९ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

काका, ठिबकनं निम्मं पाणी वाचतं की. मी स्वतः लोअर तेरणाच्या लाभक्षेत्रात करतो. एकरी पन्नास टन काढलाय. मोकाट पाणी देणाऱ्याला बोला, उसाला कशाला?

जुना_कालवा · ९ नोव्हेंबर, दुपारी ५:१०

तुमचं अभिनंदन, मनापासून. मोकाट पाण्यापेक्षा ४०-५० टक्के बचत होते, मी मोजलीय. पण वाचलेलं पाणी तुम्ही कुठं दिलं? धरणात तर परत सोडलं नाही ना? दोन एकराचं पाणी चार एकराला पुरलं, ऊस चार एकर झाला. माझ्या पाहण्यातली दहातली आठ ठिबकं अशीच. पाणी खऱ्या अर्थानं वाचायचं असेल तर क्षेत्राला कुठंतरी हद्द हवी.

लोहाऱ्याचा_ठिबकवाला · ९ नोव्हेंबर, दुपारी ५:३२

हे खरंय. माझं अडीचचं पाच एकर झालं.

मोंढा_आडत · ९ नोव्हेंबर, रात्री ८:१५

उसाचं बरंच झालं, पण लातूरच्या माणसाला इथेनॉल लागलंय ते सोयाबीनमधून. ते कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो. माझी आडत वडिलांपासून आहे.

मक्यापासून इथेनॉल काढल्यावर चोथा उरतो. तो वाळवला की त्याला डीडीजीएस म्हणतात. टनभर मक्यातून ३८० लिटर इथेनॉल आणि वर हा पेंडीसारखा चोथा. त्यात प्रथिनं भरपूर, आणि सोयाबीन पेंडीपेक्षा खूप स्वस्त. कोंबडीखाद्यवाले आणि पशुखाद्यवाले तिकडं वळले. सोयाबीनच्या दाण्यात तेल १८ टक्के, बाकी सगळी पेंडच. पेंड खपेना की ऑइल मिल दर पाडते. यंदा सोयाबीनचा हमीभाव ५३२८ आहे आणि माझ्या आडतीवर काल चांगल्या मालाला ४३०० च्या वर बोली नव्हती. भिजलेल्या मालाचं तर बोलायलाच नको. दर पडायला डीडीजीएस हे एकच कारण नाही, खाद्यतेलाची आयात आहे, जगात माल जास्त आहे. पण पेंडीचा व्यापार करणारा कुणीही सांगेल की हा धक्का नवा आहे.

मग मक्याचं तरी भलं झालं का? दोन वर्षं झालं. मका तेजीत गेला, आपला देश मका विकणारा होता तो बाहेरून घ्यायला लागला. ते बघून सगळ्यांनी मका पेरला. यंदा हमीभाव २४०० आणि ओला मका मोंढ्यात दोन हजाराच्याही खाली येतोय. परवा जळकोटकडचा एक म्हातारा शेतकरी सात पोती घेऊन आला. ओलावा १९ निघाला. मी त्याला भाव सांगितला तेव्हा त्यांनी काही न बोलता पोत्याचं तोंड पुन्हा सुतळीनं शिवायला घेतलं. शिवून झाल्यावर म्हणाले, "घरी नेऊन वाळवतो." टेम्पोभाडं त्यांना परत लागणार होतं. माझ्याच्यानं पुढचं काट्याचं काम झालं नाही, मुनिमाला बसवलं.

शेतकऱ्याला सांगायचं इथेनॉलसाठी मका पेरा, आणि मका आला की डिस्टिलरीनं हमीभावानं घ्यायची सक्ती कुणावर नाही. उसाला निदान एफआरपीचा कायदा आहे.

आमराई · ९ नोव्हेंबर, रात्री ९:५०

मी एका डिस्टिलरीपासून दोन किलोमीटरवरच्या गावची सून आहे. शिफ्टभाऊ, तुमच्यावर राग नाही, पण एक सांगायचंय.

आमच्या आमराईत जुनी दगडी विहीर आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात सासूबाईंनी पोहरा वर ओढला आणि मला हाक मारली. पाणी चहासारखं तांबूस होतं. वास गुळाची कढई करपल्यावर येतो तसा, आणि त्याच्या मागं कुजका. घागर तिथंच ओतून दिली तर जमिनीवर फेस राहिला. त्याच्या आधी पंधरा दिवस रात्री टँकर ओढ्यात रिकामे होताना आमच्या पोरांनी पाहिले होते. तक्रार केली, माणसं आली, बाटलीत पाणी भरून नेलं. त्याचं पुढं काय झालं ते आम्हाला आजवर कळलं नाही. चार पावसाळे गेल्यावर रंग गेला. पण प्यायला अजून आम्ही जारचंच पाणी घेतो, वीस रुपयाला एक.

गाडीच्या टाकीचं आणि देशाच्या पैशाचं सगळं खरं असेल. पण या लिटरभर इथेनॉलच्या किमतीत माझी विहीर कुणी धरली का?

डिस्टिलरी_शिफ्ट · १० नोव्हेंबर, पहाटे ५:१५

ताई, रात्रपाळी संपवून लिहितोय. तुमची विहीर धरलेली नाही, हेच खरं उत्तर.

मळीपासून एक लिटर इथेनॉल काढलं की आठ ते बारा लिटर स्पेंट वॉश, म्हणजे उरलेलं सांडपाणी, निघतो. गडद तपकिरी, आंबट, सेंद्रिय भार इतका की ओढ्यात गेला तर पाण्यातला सगळा प्राणवायू ओढून घेतो आणि मासे वर येतात. रंग लवकर जात नाही, कारण साखर तापून झालेलं ते द्रव्य जिवाणूंना पचत नाही. नियम असा की थेंबही आवाराबाहेर जाता कामा नये. नव्या प्रकल्पांत तो आटवून दाट करतात आणि चिपाडाबरोबर बॉयलरमध्ये जाळतात. त्या राखेत पालाश असतं, त्याचं खत होतं. चांगलं चालवलं तर व्यवस्था उत्तम आहे.

अडचण येते बॉयलर बंद पडल्यावर. आटवणीच्या नळ्यांत खर बसते, दुरुस्तीला चार-पाच दिवस लागतात, आणि तेवढ्यात खड्डा भरतो. त्या वेळी उत्पादन थांबवायचं की नाही, हा निर्णय केमिस्टच्या हातात नसतो. मी दोनदा थांबवा म्हणून लेखी दिलंय. एकदा थांबवलं, एकदा नाही. त्या दुसऱ्या वेळेच्या आठवणीनं मला अजून झोप लागत नाही. तुमच्या गावाचं पाणी पुन्हा तपासायचं असेल तर मे महिन्यात, विहीर तळाला असताना नमुना घ्या. पावसाळ्यानंतर घेतलेला नमुना खरं सांगत नाही.

आमराई · १० नोव्हेंबर, सकाळी ८:०३

भाऊ, लिहिलंत, बरं वाटलं. मे महिन्यात घेते.

बालाघाट_कन्या · १० नोव्हेंबर, सकाळी १०:२७

बीड जिल्ह्यातली. आई-दादा पंचवीस वर्षं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेले, आत्ताही कर्नाटकच्या सीमेवर आहेत. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, या दिवाळीला घेतली. डिसेंबर-जानेवारीत थंडीनं बोटं उलतात, त्यावर पाचटाची धार लागते. जानेवारी २०२४ ला तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती संपाच्या इशाऱ्यामुळं, इथेनॉलमुळं नाही. उसापासून साखर झाली काय, इथेनॉल झालं काय, आमच्या मोळीचं वजन तेवढंच. एवढंच सांगायचं होतं.

पुण्यात_धाराशिवकर · १० नोव्हेंबर, दुपारी १:१५

सगळं वाचून माझं मत थोडं हललंय, ते प्रामाणिकपणे लिहितो. परकीय चलनाचा मुद्दा मी सोडत नाही. पण गाडीच पळवायची असेल तर एकराचा दुसरा हिशोब बघा. एकरभर उसापासून, सगळा रस घातला तरी, वर्षाला २८०० लिटर इथेनॉल. त्यातली उष्णता विजेच्या भाषेत साडेसोळा हजार युनिटांच्या आत, आणि इंजिनात तिचा जेमतेम पाव हिस्सा चाकापर्यंत पोचतो. एकरभर सौर पॅनेलमधून वर्षाला साडेतीन लाखांच्या वर युनिट निघतात, पाणी लागतं ते काचा पुसायला. सौर कृषी वाहिनी योजनेत जमिनीचं भाडं वर्षाला हेक्टरी सव्वा लाख, म्हणजे एकरी पन्नास हजार आहे. मांजराकाठ, ते तुमच्या उसातल्या निव्वळ नफ्याच्या बरोबरीनं जातं.

मांजराकाठ · १० नोव्हेंबर, दुपारी २:०५

दादा, काळं रान आहे, आजोबांनी दगड वेचून केलेलं. उपकेंद्राजवळचं मुरमाड असतं तर दिलं असतं. यात पॅनेल उभे करायला हात धजत नाही. गावाची गायरान जमीन मात्र आहे तशी, त्यावर ग्रामपंचायतीत विषय काढतो.

लोहाऱ्याचा_ठिबकवाला · १० नोव्हेंबर, दुपारी २:४०

गोड ज्वारीचं कुणी काही सांगेल का? पटानचेरूच्या इक्रिसॅटनं तिच्या ताटाच्या रसापासून इथेनॉल काढण्यावर बरंच काम केलंय. चार महिन्यांचं पीक, पाणी उसाच्या पाव-तिसऱ्या हिश्शात, वर कणीस आपलं आपल्याला.

डिस्टिलरी_शिफ्ट · १० नोव्हेंबर, दुपारी ३:२०

पीक आपल्या मातीचं आहे, पण अडचण कारखान्याची. ताट कापल्यावर एक-दोन दिवसांत रस उतरायला लागतो, आणि पीक एकदमच कापणीला येतं. महिनाभरासाठी कुणी मशीन बसवत नाही. उसाच्या हंगामाच्या आधी ऑक्टोबरात त्याच मिलवर ज्वारी गाळली तर जमेल, असं मला मनापासून वाटतं. पण त्यासाठी मळीसारखा ज्वारीच्या इथेनॉलला स्वतंत्र, वाढीव दर जाहीर व्हायला हवा. सरकारनं मक्याला ७१ रुपये ८६ पैसे दिले म्हणून मका आला. पाणी कमी पिणाऱ्या पिकाला तसा दर मिळाला तर मराठवाड्यातला शेतकरी एका हंगामात वळेल.

मोंढा_आडत · १० नोव्हेंबर, दुपारी ४:०१

दर आणि खरेदीची सक्ती, दोन्ही. नुसता दर कागदावर राहतो.

मांजराकाठ · ११ नोव्हेंबर, रात्री ८:३०

मंडळी, तीन दिवस तुम्ही सगळ्यांनी वेळ दिला. आज रात्री घरात बसून ठरवलं ते लिहितो.

दोन एकरातला ऊस आहे तो ठेवतो, तोडला की त्याचा एक खोडवा घेईन. त्याची मळी होवो, तिचं इथेनॉल होवो, मला त्यात वावगं वाटत नाही. चार एकराची नवी नोंद मात्र करत नाही. रसाच्या भरवशावर लावलेला ऊस चौदा महिने माझ्या बोअरवर राहणार, आणि पुढचा पावसाळा कसा असेल ते मला माहीत नाही. आईला विचारलं तर तिनं माळ्यावर ठेवलेला तो तेलाचा डबा दाखवला. नऊ वर्षं झाली, तिनं टाकलेला नाही.

पैशाचं दडपण आहे. सोयाबीन गेल्यामुळं सोसायटीचं कर्ज नव्यानं करावं लागेल, आणि उसाची नोंद असती तर ते सोपं झालं असतं. सचिवानं तसं तोंडावर सांगितलं. उसाला भाव कायद्यानं बांधून दिलेला, कर्ज बिनघोर मिळणारं, आणि हरभऱ्याला-ज्वारीला यातलं काहीच नाही. तरीही ऊस लावला तर पाणी कुणी संपवलं म्हणून बोट आमच्याकडंच. हे मला फार लागतं.

चिटबॉयला सकाळी फोन करून सांगतो. पोरगं चांगलं आहे, त्याला नोंदीचं टार्गेट असतं. दोन एकरात हरभरा, दोन एकरात रब्बी ज्वारी घालायचं ठरलंय. ज्वारीला तसा उशीरच झालाय, पण वापसा आता कुठं येतोय. पाणी लागलेल्या रानात हरभऱ्याला मर रोग लागण्याची भीती आहे. बियाणं कुठलं घ्यावं?

जुना_कालवा · ११ नोव्हेंबर, रात्री ९:०२

फुले विक्रम बघ, मर कमी येते आणि उंच वाढतो म्हणून मशीननं काढता येतो. बियाण्याला ट्रायकोडर्मा, ती रोग रोखणारी बुरशी, चोळल्याशिवाय पेरू नकोस. आणि सरी-वरंब्यावर टोकण कर, या वर्षी सपाट रानात नको.

मोंढा_आडत · ११ नोव्हेंबर, रात्री ९:२६

माझ्याकडं ओळखीच्या शेतकऱ्याचं घरचं बी आहे, उगवण तपासलेलं. गुरुवारी मोंढ्यात या, चहाही होईल. ज्वारीचा कडबा विकायचा झाला तर आत्ताच सांगून ठेवा, यंदा पुरात चारा गेलाय, गिऱ्हाईक बांधावर येईल.